दिसायचं किती, ते ठरवायचं कोणी?

२०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला एकाच वेळी दोन साहित्य संमेलनं भरली. एक अखिल भारतीय, ९५ वं, महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाच्या आवारात, अध्यक्ष भारत सासणे. दुसरं विद्रोही, १६ वं, अध्यक्ष गणेश विसपुते. पहिल्या संमेलनाच्या नगरीला लता मंगेशकरांचं नाव होतं. दुसऱ्याची परंपरा १९९९ मध्ये धारावीत सुरू झालेली. मंचावर कोण बसणार, कोणाची बोली ऐकू येणार, बायका किती, मुसलमान किती, भटके-विमुक्त किती, हा वाद मांडवात चालला होता त्याहून जास्त लोकांच्या फोनवर चालला होता. वाद जुनाच आहे. २०२५ च्या दिल्लीतल्या ९८ व्या संमेलनापर्यंत अध्यक्षपदी बायका आल्या फक्त सहा: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. २०२० मध्ये शेजारच्या उस्मानाबादला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा एक धर्मगुरू मराठीच्या मंचावर कसा, म्हणून आयोजकांना फोन आले होते. त्याच्या ३० वर्षं आधी, १९९० मध्ये, पुण्याच्या संमेलनाचं अध्यक्षपद यू. म. पठाणांनी भूषवलं होतं, याची आठवण त्या गदारोळात फारशी कोणी काढली नाही.

साहित्याच्या मंचावरचं हे भांडण सिनेमा, मालिका आणि मोबाइलच्या पडद्यावर आलं की फार मोठं होतं. अमेरिकेत २०१५ पासून ऑस्करच्या नामांकनांत गोरेच का, असा सवाल उठला. ‘द सिम्पसन्स’मधल्या अपू या भारतीय दुकानदाराचा आवाज एक गोरा नट काढतो, यावर हरी कोंडाबोलूने २०१७ मध्ये माहितीपट केला आणि २०२० मध्ये हँक अझारियाने तो आवाज सोडला. २०२३ मध्ये लागलेल्या चित्रपटात जलपरीची भूमिका हॅली बेलीला दिली तर जगभरचे लोक एका काल्पनिक मत्स्यकन्येच्या कातडीच्या रंगावर तावातावाने बोलत होते. हे वाद आपल्याकडचे लोक चवीने वाचतात आणि परक्या घरातली भांडणं म्हणून सोडून देतात. पण तिकडे वंशाच्या नावाने जे चालतं, ते आपल्याकडे जात, रंग, बोली आणि गाव यांच्या नावाने चालतं, आणि त्यात बाईचं शरीर व तिचं खासगीपण आपोआप ओढलं जातं. म्हणून या लेखात रंग-जात-बोली, लिंग आणि खासगीपण हे तिन्ही विषय एकत्र घेतले आहेत. वेगळे घेतले की प्रत्येकाचा निकाल सोपा वाटतो. एकत्र घेतले की एक गोष्ट उघड होते: आपल्याकडे पडद्यावर नवे चेहरे आले, बऱ्यापैकी आले, पण ते किती आणि कसे दिसावेत हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याबरोबर आला नाही.

रंगापासून सुरुवात करू, कारण तिथे लपवायला काही उरत नाही.

स्टार प्रवाहवर २०१९ ते २०२३ ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका चालली. विषय चांगला होता: सावळ्या रंगामुळे हिणवली जाणारी दीपा. मूळ मल्याळम मालिकेवर बेतलेली. दीपाचं काम रेश्मा शिंदे यांनी केलं आणि त्या भूमिकेसाठी त्यांच्या चेहऱ्याला रोज गडद रंग लावला जात होता. २०२४ मध्ये झी मराठीवर ‘सावळ्याची जणू सावली’ आली, ती बंगालीवरून. तिची गोष्ट तर या लेखासाठीच रचल्यासारखी आहे: सावळी मुलगी पडद्याआड बसून गाते आणि तिच्या आवाजावर दुसरी गोरी मुलगी मंचावर ओठ हलवते. सावलीची भूमिका करणाऱ्या प्राप्ती रेडकर यांनाही मेकअपने सावळं केलं गेलं. म्हणजे सावळ्या मुलीचा आवाज चोरला जातो याबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्या मालिकेने सावळ्या मुलीचा चेहरा मात्र घेतलाच नाही. यात नटींचा काही दोष नाही. त्यांना काम मिळालं, त्यांनी ते मन लावून केलं. पण लातूर-नांदेडच्या कुठल्याही महाविद्यालयाच्या नाट्यस्पर्धेत डोकावलं तर तयार रंगाच्या, तयार आवाजाच्या दहा मुली सहज सापडतील, आणि हे वाहिन्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

हिंदीतही तेच. २०१९ च्या ‘बाला’मध्ये भूमी पेडणेकरांना काळं केलं, ‘सुपर ३०’ मध्ये हृतिक रोशनला. २०२५ च्या ‘धडक २’ मध्ये दलित नायकासाठी सिद्धांत चतुर्वेदींच्या रंगाबद्दल तोच आक्षेप पुन्हा आला. या आक्षेपावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे, अभिनय म्हणजे दुसऱ्याचं सोंग घेणंच ना? उद्या राजाचं काम राजानेच करायचं का? हे उत्तर झटकून टाकण्यासारखं नाही. ज्या भाषेने बालगंधर्वांना डोक्यावर घेतलं, पुरुषाने नेसलेल्या शालूच्या घड्या बायकांनी घरी येऊन गिरवल्या, त्या भाषेला सोंगाचं वावडं असूच शकत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. सोंगाची ही मुभा एकाच दिशेने चालते. गोरी नटी सावळीचं काम करते. सावळी नटी गोऱ्या, श्रीमंत, पुण्याच्या वाड्यातल्या सुनेचं काम करताना मला तरी दिसलेली नाही. ती मोलकरीण असते, खलनायिकेची हेर असते, नाहीतर ‘समाजप्रबोधनाच्या’ भागातली पाहुणी असते. मुभा दोन्ही बाजूंनी असती तर कोणी तक्रार केली नसती.

२०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. १९७५ पासूनचं नाव, अमेरिकेतल्या वर्णद्वेषविरोधी आंदोलनाच्या धक्क्याने एका जाहीर निवेदनात गेलं. त्याच महिन्यांत उदगीरच्या दुकानात ते मलम मागणारी मुलगी जुन्याच नावाने मागत होती, आणि तिला स्थळ सांगून येणाऱ्यांची यादीही जुनीच होती. या यादीवर मराठीत अलीकडे सगळ्यांत नेमकं बोट ठेवलं जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ने. चंद्रपूरकडच्या डोंगरगावात चित्रित केलेला, गावातलीच माणसं घेऊन केलेला, २०२३ ला टोरोंटोच्या महोत्सवात नेटपॅक पुरस्कार मिळवलेला आणि आपल्याकडे २०२५ च्या मार्चमध्ये लागलेला हा चित्रपट. सविता शिकणारी मुलगी आहे. पाहुणे येतात, पाटावर बसवतात, तेच प्रश्न विचारतात, उंची कमी आणि रंग सावळा म्हणून निघून जातात. मग पुढचे पाहुणे. नंदिनी चिकटे या मुलीला गडद करावं लागलं नाही आणि उजळही करावं लागलं नाही. ‘स्थळ’ पाहताना प्रेक्षागृहातली अस्वस्थता रंगाच्या वादापेक्षा वेगळ्याच कारणाने येते. पाटावर बसलेल्या मुलीकडे सगळं घर टक लावून बघतं, आणि तिला मात्र मान वर करायची परवानगी नसते.

‘फँड्री’ आणि ‘सैराट’ यांच्याबद्दल इतकं लिहून झालं आहे की त्यात भर घालायची भीती वाटते. तरी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हा आढावा पुढे जाऊ शकत नाही. पहिली, नागराज मंजुळे यांनी करमाळा तालुक्यातला सोमनाथ अवघडे आणि अकलूजची रिंकू राजगुरू यांना घेतलं तेव्हा ‘हिरो-हिरॉइन’ कसे दिसतात याचा एक पक्का साचा मोडला. ‘फँड्री’तला जब्या तोंडाला पावडर फासतो ते दृश्य पाहताना मराठवाड्यातल्या कुठल्या पोराला स्वतःचा आरसा आठवला नसेल? दुसरी, २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला आणि पुढच्या काही महिन्यांत त्याच्या गाण्यांवर नाचणाऱ्या महाराष्ट्राने त्याच्या शेवटावरून भांडायला सुरुवात केली. त्याच ऑगस्टमध्ये औरंगाबादेतून मराठा मोर्चे निघाले. ॲट्रॉसिटी कायद्यावरच्या चर्चेत ‘सैराट’चं नाव ओढलं गेलं. पाटलाची पोरगी अशी दाखवलीच का, हा प्रश्न गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरला. म्हणजे पारध्याच्या पोराला नायक केल्याचा राग थेट न बोलता तो पाटलाच्या पोरीच्या अब्रूच्या भाषेत बोलला गेला. जातीचा वाद बाईच्या शरीरावर लढवायचा ही आपल्याकडची जुनी रीत. फोनने तिला फक्त वेग दिला.

आणि त्याच चित्रपटाची हिंदी आवृत्ती, २०१८ चा ‘धडक’, पाहा. राजस्थानातलं उदयपूर, सुंदर तलाव, सुंदर नट, आणि जात जवळजवळ पुसलेली. उदगीरच्या सीमेपलीकडे कन्नडमध्ये ‘सैराट’ झाला तेव्हा रिंकूच नायिका होती. हिंदीने चेहराही बदलला आणि कारणही. मूळ गोष्टीतलं जे टोचत होतं तेच काढून टाकल्यावर उरलेल्या प्रेमकथेला विविधतेचं कौतुक कशाला लावायचं?

बोलीचा मुद्दा मला रंगापेक्षाही जवळचा वाटतो, कारण उदगीरच्या बाजारात उभं राहिलं की चार भाषा कानावर येतात. मराठी, उर्दूचं दखनी रूप, कन्नड, तेलुगू. एकच व्यापारी गिऱ्हाईक पाहून भाषा बदलतो. ‘काय करायलास’ म्हणणारा माणूस पुढच्या वाक्यात ‘नक्को’ म्हणतो. यातलं काहीही मराठी मालिकेत नाही. संध्याकाळी सातपासून रात्री दहापर्यंत जे मराठी घर दिसतं ते बहुतेक वेळा पुण्या-मुंबईचं, नाहीतर कोल्हापूर-साताऱ्याचं एक ठरीव गाव. मराठवाडी बोलणारा आला तर तो हसवायला आलेला असतो. मकरंद अनासपुरे यांनी ही बोली मोठ्या पडद्यावर रुजवली हे खरं आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्याच्या आधी औरंगाबादच्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने ५२ पात्रं उभी केली, आणि त्या बोलीवर हसताना आपण स्वतःवर हसतोय हे प्रेक्षकांना कळत होतं. देशपांडे त्या माणसांत वाढले होते. त्यांचं हसणं आणि मुंबईच्या लेखनकक्षात लिहिलेलं ‘गावठी’ पात्र यांच्यात फरक आहे, तो मराठवाड्यातल्या माणसाला पहिल्या वाक्यात कळतो. मुसलमान पात्राचं तर विचारूच नका. उदगीरसारख्या गावात ज्यांच्याशिवाय बाजार उघडत नाही, ती माणसं मराठी मालिकेत ईदच्या भागापुरती येतात. शिवाजी लोटन पाटील यांच्या ‘हलाल’सारखे चित्रपट झाले, पण ते झाले तलाकवर. मुसलमान बाई पडद्यावर यायला एवढा एकच दरवाजा उघडा ठेवला की तिथून येणाऱ्या प्रत्येकीला बळी म्हणूनच यावं लागतं.

टिकटॉकने ही चौकट काही काळ मोडली होती. २९ जून २०२० ला त्यावर बंदी आली तोवर मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, बारामतीकडची पोरं-पोरी स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या शेतात, स्वतःच्या रंगात दिसू लागली होती. बंदीनंतर ती दुसऱ्या ठिकाणी गेली. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण त्यांपैकीच. २०२४ मध्ये त्याने ‘बिग बॉस मराठी’चा पाचवा हंगाम जिंकला. सूत्रसंचालक आपल्या लातूरचे रितेश देशमुख. सूरजला मतं गरिबीच्या सहानुभूतीवर पडली की तो खरोखर खेळला, यावर महाराष्ट्र कित्येक दिवस भांडला. त्याच्या शब्दांची, उच्चारांची थट्टा झाली आणि तीच थट्टा त्याचा ब्रँडही झाली. त्याच्यावर हसणारे आणि त्याच्यासाठी रडणारे, दोघांनीही त्याला आपल्या मनातल्या ‘गावच्या पोरा’च्या चौकटीत बसवलं. त्याच्या नावावर पुढच्याच वर्षी ‘झापुक झुपूक’ हा चित्रपटही निघाला. वाहिनीने त्याला वर काढलं हे मान्य. पण त्याच्या आईवडिलांचं जाणं, घरचं दारिद्र्य, त्याचं अर्धवट शिक्षण, हे सगळं भागांमागून भागांत चघळलं गेलं. यातलं किती सांगायचं हे त्याने ठरवलं की कॅमेऱ्यामागच्या माणसाने, हा प्रश्न त्या हजारो टिप्पण्यांत क्वचितच दिसला.

बाई-पुरुषाच्या सीमेवरच्या माणसांना मराठी रंगभूमीने फार लवकर जागा दिली आणि त्या जागेबाहेर जाऊ दिलं नाही. तमाशातला नाच्या ही ती जागा. गणपत पाटलांनी आयुष्यभर ती भूमिका केली आणि प्रेक्षकांनी ती त्यांच्या घरापर्यंत नेली. ‘नटरंग’ने २०१० मध्ये त्याच दुःखाला हात घातला, ‘जोगवा’ने त्याच्या एक वर्ष आधी जोगत्याच्या, आणि उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत साडी नेसलेले पुरुष आले. त्यावर चिडणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही, कारण भारुडापासून सोंगी भजनापर्यंत आपल्या गावांत पुरुषांनी लुगडी नेसलेली आहेत. पण साडी नेसलेला पुरुष म्हणजे आपोआप विनोद, हे समीकरण मात्र टीव्हीचं. ‘नटरंग’ करणाऱ्या रवी जाधव यांनीच २०२३ मध्ये गौरी सावंत यांच्या आयुष्यावर ‘ताली’ ही मालिका केली. गौरी सावंत या २०१४ च्या तृतीयपंथी हक्कांच्या खटल्यातल्या याचिकाकर्त्यांपैकी. भूमिका सुष्मिता सेन यांनी केली. तृतीयपंथी कलाकार का नाही, हा प्रश्न लगेच आला आणि मला तो रास्त वाटतो. २०१७ मध्ये विक्सच्या जाहिरातीत गौरी सावंत स्वतःच स्वतःच्या भूमिकेत होत्या आणि ती जाहिरात देशभर पाहिली गेली. म्हणजे लोक बघत नाहीत ही सबब चालणार नाही.

या सगळ्यांत रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ मला वेगळा वाटतो. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा हा मराठी चित्रपट. वडील वारल्यावर मुंबईहून गावी दहा दिवसांच्या सुतकासाठी आलेला आनंद आणि गावातच राहिलेला बाळ्या. दोन पुरुषांचं प्रेम. गावात भावकी आहे, दिवस घालायला आलेली माणसं आहेत, प्रत्येकाच्या तोंडी ‘लग्न कधी’ आहे, आणि दोघांना बोलायला एकांत मिळत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ मधला जाच काढला, पण न्यायालय एकांत देऊ शकत नाही. कानवडे यांनी तो एकांत माळावर, झाडाखाली दाखवला, ओरडा न करता. आणि पडद्यावरच्या त्या दोघांना कुठल्याही क्षणी असं वाटत नाही की कोणी त्यांना उघडं पाडतंय. रंग, लिंग आणि खासगीपण हे एकाच चित्रपटात इतक्या मोकळेपणाने एकत्र आलेले मी मराठीत दुसरीकडे पाहिले नाहीत.

आता खासगीपणाकडे, कारण बाकी सगळ्याची किंमत शेवटी इथे वसूल होते.

रिंकू राजगुरू ‘सैराट’ लागला तेव्हा शाळकरी मुलगी होती, चौदा-पंधरा वर्षांची. राष्ट्रीय पुरस्कारात तिचा विशेष उल्लेख झाला होता. पुढच्या वर्षी तिला गर्दीमुळे शाळेत जाणं अशक्य झालं आणि तिने दहावी बाहेरून, १७ नंबरचा फॉर्म भरून दिली. निकालाच्या दिवशी तिचे टक्के राज्यभर बातमी झाले. एका अल्पवयीन मुलीचे गुण छापायचे की नाही, याचा विचार त्या दिवशी किती संपादकांनी केला असेल? वाचकांनी कौतुकच केलं, पण कौतुक म्हणजे परवानगी नव्हे.

गौतमी पाटील यांचं प्रकरण तर या विषयाची तिन्ही टोकं एका गाठीत बांधणारं आहे. धुळे जिल्ह्यातल्या सिंदखेड्याची ही नर्तकी. २०२२-२३ मध्ये जत्रा, वाढदिवस, दहीहंडी यांतून तिची नृत्यं गावोगाव झाली. तिच्या हावभावांवर टीका झाली, तिने जाहीर माफीही मागितली. लावणी जपणाऱ्या ज्येष्ठ कलावंतांनी टीका केली ती एक बाजू. त्यांच्या कलेचा प्रश्न होता, तो मला समजतो. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये कपडे बदलताना तिचं चोरून केलेलं चित्रीकरण पसरवलं गेलं. पुण्यात गुन्हा दाखल झाला, राज्य महिला आयोगाने दखल घेतली. त्या दिवसांत टिप्पण्यांत एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सापडत होतं: जी मंचावर अशी नाचते तिचं काय खासगी? म्हणजे मंचावर उभी राहिलेली बाई कायमची मंचावरच असते, खोलीचं दार लावल्यावरही. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात दुसरा वाद आला: तिने ‘पाटील’ आडनाव लावू नये, समाजाची बदनामी होते. तिने ते माझंच आडनाव आहे आणि मी ते लावणार, असं सांगितलं. चोरून काढलेली चित्रफीत फिरवताना समाजाची बदनामी होत नव्हती आणि आडनाव लावल्याने होत होती, याचा हिशोब मांडायला कोणी धजावलं नाही. तमाशातल्या बाईच्या मागे तिचं खरं आडनाव लावायचं नाही, ‘सातारकर’, ‘पुणेकर’, ‘नारायणगावकर’ असं गावाचं लावायचं, ही जुनी पद्धत होती. तिच्यात अब्रू कोणाची वाचवायची याचा निर्णय आधीच झालेला होता.

मंचावर न गेलेल्यांनाही हे सुटलं नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातल्या बंजारा समाजातल्या एका तरुणीचा पुण्यात मृत्यू झाला. तिचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. तिच्या संदर्भातल्या म्हणून सांगितलेल्या ध्वनिफिती फिरल्या, तिचे फोटो आणि छोट्या चित्रफिती वृत्तवाहिन्यांनी तासन्‌तास चालवल्या, एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला, पोलिसांकडून पुढे त्यांच्यावर काही आलं नाही आणि ते पुन्हा मंत्री झाले. मेलेल्या मुलीच्या घरच्यांनी तिची बदनामी थांबवा अशी विनवणी केली. राजकारणाची लढाई खरी होती, प्रश्नही रास्त होते. पण त्या लढाईत ती मुलगी एका माणसासारखी उरली नाही. टिकटॉकवर आनंदाने टाकलेले तिचे तुकडे संदर्भ तोडून पुरावा म्हणून वाजत राहिले.

कायदा काय म्हणतो? बऱ्याच गोष्टी म्हणतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. खासगी क्षणांचं चोरून चित्रीकरण २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आज तो भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई कलमही त्यावर आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती पडताळायची आहे. पण याच कायद्यात दोन दरवाजे मोठे आहेत. माणसाने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला तो लागू नाही, आणि माणसाने स्वतः जाहीर केलेल्या माहितीलाही नाही. म्हणजे बीडच्या त्या मुलीने स्वतः टाकलेल्या चित्रफिती आज असत्या तर हा कायदा त्यांच्या आड उभा राहिला नसता, आणि शेजारच्या गल्लीतल्या पोराने भावकीच्या गटात पुढे ढकललेला फोटो त्याच्या मते घरगुतीच असेल. वाहिन्या आणि कंपन्या यांना आवर घालणं मला कायद्याने शक्य वाटतं. गटाच्या ॲडमिनला कसा घालणार?

गोष्टीवर हक्क कोणाचा, हा तर याहून गुंतागुंतीचा प्रश्न. २०२० मध्ये ‘झुंड’ हा चित्रपट न्यायालयात अडकला होता. नागपूरच्या झोपडपट्टी फुटबॉलमधल्या एका खेळाडूच्या आयुष्याचे हक्क आपण घेतलेत, असं हैदराबादच्या एका दिग्दर्शकाने न्यायालयात सांगितलं. तेलंगणातल्या न्यायालयांनी प्रदर्शन रोखलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि अमिताभ बच्चन यांच्या भूमिकेतला तो चित्रपट शेवटी ४ मार्च २०२२ ला लागला. दोन निर्माते एका गरीब माणसाच्या आयुष्याच्या मालकीवरून भांडत होते. चित्रपट समाजमाध्यमांवर गाजला तो चौकटीतल्या बाबासाहेबांच्या तसबिरीमुळे, आणि ते योग्यच होतं. पण त्या खेळाडूने नेमकं काय विकलं आणि काय विकायचं नव्हतं, यावर फारसं कोणी बोललं नाही. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये ‘उचल्या’ लिहिलं तेव्हा स्वतःचं आणि आपल्या जमातीचं जगणं स्वतःच्या हाताने मांडलं. काय उघड करायचं आणि काय झाकायचं, याचा निर्णय त्यांचा होता. पडद्यावर हा निर्णय जवळजवळ नेहमीच दुसऱ्याकडे जातो, मग चित्रपट कितीही चांगल्या हेतूचा असो.

काय उघड करायचं आणि काय झाकायचं, या प्रश्नाला मल्याळम सिनेमात संस्थेचं रूप दिलं गेलं. २०१७ मध्ये तिथल्या बायकांनी संघटना बांधली, सरकारने सिनेमात काम करणाऱ्या बायकांची परिस्थिती तपासायला न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली, २०१९ च्या अखेरीस अहवाल तयार झाला आणि साडेचार वर्षं पडून राहून १९ ऑगस्ट २०२४ ला, बोललेल्या बायकांची ओळख उघड करणारी पानं वगळून, जाहीर झाला. त्या पानांचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. पहिल्याच आठवड्यात देशभरच्या वाहिन्या आणि समाजमाध्यमं वगळलेल्या पानांत कोणाची नावं असतील याच्या अंदाजात गुंतली. काही जणींनी पुढे येऊन बोलायचं ठरवलं, त्यातून गुन्हे नोंदले गेले. काहींनी गप्प राहणं पत्करलं आणि त्यांनाही भित्र्या म्हटलं गेलं. मराठीत त्या तोडीचा अहवाल आलेला नाही. उद्या कोणी तो करायचा ठरवला, तर साक्षीला बसणारी बाई मुंबईतली नामवंत नटी असण्यापेक्षा लातूर-बीडकडून आलेली, महिन्याला चार दिवस काम मिळणारी सहकलाकार असण्याची शक्यता जास्त आहे. तिचं नाव कागदावरून गाळता येईल. पण तिच्या बोलीवरून आणि मालिकेतल्या एका छोट्या भूमिकेवरून तिचं गाव तिला अर्ध्या तासात ओळखेल, आणि समितीपुढे बसण्याआधी तिला हे माहीत असेल.